संगणक आणि परिचारिकेची सेवा



नर्सिंगच्या वर्गात संगणकाचा विषय निघाला की आम्हांस दोन तऱ्हा दिसतात. काही मुली म्हणतात, "आम्ही रुग्णसेवेसाठी आलो, टायपिंगसाठी नव्हे." दुसऱ्या काही जणी यंत्रात इतक्या रमतात की खाटेवरच्या माणसाआधी पडद्याकडे पाहतात. पहिल्या उत्तरामागे पुष्कळदा भीती असते. घरी संगणक नाही, मोबाईल एकच, तोही वडिलांच्या खिशात. चुकीचे बटण दाबले तर यंत्र बिघडेल, सिस्टर रागावतील! ही बुद्धीची उणीव नव्हे, संधीची उणीव आहे.

पण सेवा आणि नोंद या गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत काय? विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूची हकिगत आहे. त्याला कोणी विचारीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वहस्ते स्वच्छ केले आणि रुग्णशुश्रूषेला आपल्या स्वतःच्या सेवेचे मोल दिले. तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, रुग्णास काय मानवते व काय नाही हे जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे आणि धम्माच्या बोलांनी धीर देणे.

यांतील पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, शेवटचा डोस किती वाजता दिला, हे पुढच्या पाळीच्या परिचारिकेला नोंदीवरूनच कळते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील मृत्यूंचे आकडे १८५८ मध्ये आकृतीत मांडले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्यातून दिसले. म्हणजे नोंद हा परिचर्येचा परका विषय कधीच नव्हता. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात आरोग्य-माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय आहे. ज्या मुलीने यंत्राला हात लावला नाही, ती परीक्षेतही मागे पडेल आणि वॉर्डातही.

मात्र उरलेले तीन गुण संगणकापाशी नाहीत. त्याला मैत्री नाही, किळस जिंकावी लागत नाही आणि धीर देता येत नाही. नाडी न मोजताच आकडा भरला तर तो खोटाच. फक्त सुबक अक्षरांत! चौथे शील पडद्यासमोरही पाळायचे असते. रुग्णाच्या आजाराची माहिती ही त्याने विश्वासाने दिलेली ठेव आहे. आपला पासवर्ड मैत्रिणीला देणे किंवा नोंदीचा फोटो काढून पाठवणे, हा त्या विश्वासाचा घात होय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदाही केला आहे.

म्हणून विद्यार्थिनींना आमचे सांगणे इतकेच: आधी रुग्णाकडे पाहा, मग पडद्याकडे, पण पडद्याला भिऊ नका. संस्थेलाही एक विनंती आहे. विहाराच्या एका खोलीत दोन-तीन वापरलेले संगणक ठेवावेत. नोकरीत असलेल्या भगिनींनी रविवारी दोन तास द्यावेत. तेथे चुकले तर कोणी रागावणार नाही, हा भरवसा मुलींना मिळाला की निम्मे शिक्षण झालेच म्हणून समजा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!