सात रस्त्यांचा एक रस्ता



श्रीनगरहून निघून कन्याकुमारीस संपणारा जो महामार्ग आज 44 ह्या क्रमांकाने ओळखला जातो, तो पूर्वी एक रस्ता नव्हताच. 2010 साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हा सात जुन्या महामार्गांचे तुकडे जोडून हे एक नाव सिद्ध झाले. मी सरकारी नोकर असल्यामुळे मला ह्या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. कागदावर झालेली गोष्ट भूमीवरही आढळावी, हा योग आमच्या जन्मात वारंवार येत नाही.

हा पावणेचार हजार किलोमीटरांचा रस्ता आम्ही गेल्या शरदात मोटारीने अकरा दिवसांत संपविला. बरोबर आमची मंडळी होती आणि सारथ्य मेहुण्यांकडे होते. शेवटच्या दिवशी समुद्रासमोर बसलो असता मनात आले की, आपण देश पाहिला खरा, पण तो कोणत्या वेगाने पाहिला?

पानिपतचेच घ्या. मराठी माणसाच्या छातीत ज्या नावाने अजून कळ येते, त्या शहरावरून हा रस्ता उंच पुलाने जातो. मंडळींनी मुलांना सांगावी तशी मला कथा सांगावयास आरंभ केला आणि भाऊसाहेब रणात शिरण्यापूर्वीच पानिपत मागे पडले! 1760 च्या मार्चमध्ये पटदुराहून निघालेली फौज दिल्लीस पोहोचावयास ऑगस्ट उजाडला होता. त्या फौजेला चंबळ अडवी आली, यमुनेचा पूर आडवा आला. आम्ही चंबळ ओलांडली ती मेहुण्यांचे एक वाक्य पुरे होण्याच्या आत.

उलट हिंगणघाटला मी हट्टाने गाडी हळू करावयास लावली. विल्यम लँबटन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 साली मद्रासजवळ भूमापनास प्रारंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवून त्याने दक्षिण टोकापासून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी विणीत आणली. ती रेषा अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपासची, म्हणजे स्थूलमानाने आमच्याच रस्त्याची सोबतीण. वीस वर्षे खपून तो वऱ्हाडाच्या वेशीशी आला आणि 1823 च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर असता हिंगणघाटास वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे एव्हरेस्टने ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि जगातील सर्वोच्च शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. लँबटनला हिंगणघाट मिळाले. राज्यकर्त्यांनी हे मोजमाप आपल्या सोयीसाठी करविले हे खरेच. पण ज्याने हा देश पावलापावलाने मोजला, त्याच्याइतका तो आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. पाट्यांवरची लिपी बदलते. माणसांची भाषा मात्र पाटी पाहून बदलत नाही. आदिलाबादच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सीताफळांची पाटी घेऊन एक वृद्ध शेतकरी बसले होते. आम्ही हिंदीत भाव विचारला, त्यांनी मराठीत सांगितला. बोलता बोलता कळले की, समोरचे शेत त्यांचे आणि रस्त्यापलीकडचेही त्यांचेच. मधली पट्टी महामार्गात गेली. मोबदला मिळाला का, असे मी सवयीने विचारले.

"मिळाला की साहेब. पण पैसे मला कळतात, बैलाला कळत नाहीत."

पूर्वी दहा पावलांत पलीकडे जाणारी बैलजोडी आता रस्त्याखालचा बोगदा गाठण्यासाठी दीड कोस जाते आणि दीड कोस येते.

महामार्गांचा कायदा 1956 चा. जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसानही मोबदला ठरविताना लक्षात घ्यावे, असे त्यात स्पष्ट आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ते नुकसान एकदाच मोजले जाते आणि रकमेत मोजले जाते. बैलांचा फेरा रोजचा आहे. ह्याच रस्त्यावर पेंचच्या अरण्यात वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून मार्ग ठेवलेले आम्ही आदल्याच दिवशी पाहिले होते. त्यांतील सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा आहे आणि वाघ त्यांतून जाताना छायाचित्रांत टिपले गेले आहेत. त्यासाठी लोकांना न्यायालयापर्यंत जावे लागले. वाघाला वाट मिळाली ह्याचा मला मनापासून आनंद आहे. त्यात हात आखडता घ्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण अरण्यातून रस्ता नेताना पलीकडे कोणाला जावयाचे आहे हे विचारावे लागले. मग शिवारातून नेताना तोच प्रश्न आराखड्याच्या वेळीच का विचारला जाऊ नये?

पुढचा प्रवास वेगाने झाला. गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, कावेरी, ताम्रपर्णी! मंडळींनी प्रत्येक पुलावरून हात जोडले. पण कृष्णेला त्यांचे हात जुळेपर्यंत पूल संपला, म्हणून कावेरीला त्या आधीपासूनच जोडून बसल्या.

सीताफळे फार गोड निघाली. त्या शेतासमोरच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा मी टिपून घेतला होता. परतल्यावर, अधिकारी म्हणून नव्हे तर एक प्रवासी म्हणून, संबंधित कार्यालयास पत्र लिहिले. पोच आली आहे. उत्तर यावयाचे आहे.