जॅक माशांची ओळख

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील धक्क्यांखालीं लहान मासे एकाएकीं पाण्याबाहेर उडूं लागले, कीं जॅक आले हें जाणत्याच्या ध्यानांत येतें. त्या खळबळीपलीकडे आमिष फेंकून तें वेगानें ओढावें. मासा लागल्यावर दोरी सैल सोडीत त्यास दमवावें आणि मग जाळ्यांत घेऊन वर काढावें. नुसत्या दोरीनें उचलल्यास ती तुटण्याचें भय असतें.

खरी परीक्षा यापुढें. शेपटीजवळ दोन्ही अंगांस असलेली टणक खवल्यांची रांग या तिन्ही भावंडांत सारखीच आढळते. क्रेव्हाल जॅकच्या कल्ल्याच्या झाकणावर व छातीलगतच्या परावर काळा ठिपका असतो. त्याच्या छातीवर एका लहानशा ठिगळाखेरीज खवले नसतात. हॉर्स-आय जॅकचा डोळा मोठा, छाती खवल्यांनीं भरलेली आणि परावर ठिपका नाहीं. ब्लू रनर अंगानें सडपातळ असून त्याच्या शेपटीचीं टोकें काळसर असतात.

ही ओळख केवळ हौसेची बाब नव्हे. प्रवाळखडकांवरील सूक्ष्म शैवालांतून निघालेलें सिग्वातेरा ही विषबाधा घडविणारें विष लहान माशांच्या द्वारें मोठ्यांच्या अंगीं सांठतें. कॅरिबियन समुद्रांतील मोठा हॉर्स-आय जॅक याविषयीं विशेष संशयास्पद मानला जातो. मोठा क्रेव्हालही सर्वस्वी निर्दोष नाहीं. या विषास वास नाहीं, चव नाहीं. शिजविल्यानें वा गोठविल्यानें तें नाहींसें होत नाहीं. म्हणून जो मासा निश्चित ओळखतां आला नाहीं, तो ताटांत न घेतां पाण्यांत सोडणें, हेंच उत्तम शिकाऱ्याचें लक्षण होय.