साध्या उपकरणामागील विचार



रसायनशास्त्रातील एखादा विषय मराठीतून मांडावा, अशी मंडळाची आज्ञा झाली. म्हणून मातीतील धातू मोजणाऱ्या अणुशोषण उपकरणाविषयी चार शब्द बोलतो.

१९६६ साली पंतनगर येथे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिले की, तराईतील भातावरचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावामुळे होतो. पिकाला उपलब्ध होणारे जस्त किलोभर मातीत सुमारे ०.६ मिलिग्रॅमहून कमी असले, की उणीव मानतात. इतके अल्प प्रमाण रोज शेकडो नमुन्यांत मोजावयाचे, तर उपकरण बिनचूक हवे आणि सोपेही हवे.

ही सोय मुख्यतः ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांच्या विचारातून झाली. ज्योतीत शिरलेला धातू किती प्रकाश देतो, हे त्या काळी मोजीत असत. तो किती प्रकाश शोषतो हे मोजावे, असे वॉल्श यांना १९५२ साली सुचले. अडचण अशी की, शोषणरेषा अतिशय अरुंद असते. ती अलग पाहावयाची तर अवाढव्य वर्णपटमापक लागेल. वॉल्श यांनी दिव्याचे ऋणाग्रच त्या धातूचे केले. दिवा जस्ताचा, म्हणून त्याची रेषा जस्ताची आणि तितकीच अरुंद. निवडीचे ओझे दिव्याने उचलल्यावर लहान वर्णपटमापक पुरेसा झाला. दिव्याचा प्रकाश ठराविक गतीने खंडित करून तेवढाच मोजल्याने ज्योतीचा स्वतःचा प्रकाशही आड येईना. १९५५ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

पुढे सलिव्हन यांच्यासह त्यांनी वर्णपटमापकालाच पर्याय शोधला. ज्योतीपलीकडे त्याच धातूच्या बाष्पाचा ढग ठेवावयाचा. आपल्या रेषेचा प्रकाश पडला तरच तो उजळतो, आणि ते उजळणे मोजावयाचे. तरंगलांबी जुळविण्याची खटपटच उरत नाही. मात्र प्रत्येक धातूला निराळा ढग हवा. अनेक धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेला ही अडचण. नित्य एकच धातू मोजणाऱ्याला ती मोठी सोय.

उपकरण साधे करणे म्हणजे भाग गाळणे नव्हे. कोणती अडचण कोठे सोडवावी, हे ओळखणे होय. प्रमाण द्रावणे आणि कोरी चाचणी यांना मात्र कधीही फाटा देऊ नये. कागदावरचा एक चुकीचा आकडा शेतकऱ्याचा सबंध हंगाम बुडवू शकतो.