सरासरीने चालत नाही : स्वागताध्यक्षीय भाषण

संख्याशास्त्रज्ञ, अभियंते आणि विद्यार्थी मित्रहो,

या परिषदेसाठी बजाजनगरात आपलं मनापासून स्वागत. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही कामगारांची वसाहत वाढली. लेणी बघायला पाहुणे वेरूळला जातात. मोबाईल नेटवर्कवरचा भार बघायचा, तर मात्र इथेच थांबावं.

शिफ्ट सुटल्यावर मोहटादेवी चौकात उभे राहा. कंपनीच्या बस रिकाम्या होतात आणि सगळ्यांच्या खिशांतून एकदमच मोबाईल निघतात. कुणी घरी फोन लावतो, कुणी रील बघतो, कुणी भाजीच्या गाडीवर क्यूआर स्कॅन करून ताटकळतो. पैसे जात नाहीत, मागे गिऱ्हाईक खोळंबतं. तासाभराने टॉवर तोच, नेट मात्र पळतं. दिवसाची सरासरी काढली, तर कागदावर सगळं आलबेल!

हा भार मोजण्याचं गणित जुनं आहे. कोपनहेगनचे गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९०९ साली दाखवलं, की टेलिफोनचे कॉल प्वासाँच्या नियमाने, म्हणजे एकमेकांवर अवलंबून न राहता येतात. किती लाइनी लागतील, हे १९१७च्या त्यांच्या सूत्राने ठरवता येऊ लागलं. डेटा आला आणि हे गणित अपुरं पडलं. अमेरिकेत बेलकोर या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९२ या काळात इथरनेटवर मोजमापं झाली. सेकंदाने मोजा की मिनिटाने, चढउतार सपाट होतच नव्हते. वायरलेसमध्ये त्यात माणसांच्या फिरण्याची भर पडते. चढउतार सपाट न होण्याचा हा गुण ज्या घातांकाने मोजतात, तो जलतज्ज्ञ हर्स्ट यांच्या नावाचा. नाईल नदीच्या नोंदींवरून त्यांनी जलसाठ्याचा अभ्यास केला होता. जायकवाडीच्या पाण्यावर जगणाऱ्या आम्हाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळी वर्षं लागोपाठ आली, की सरासरी पाऊस कामाला येत नाही.

आषाढीला तर शेजारच्या छोट्या पंढरपुरात लाखो भाविक लोटतात. रोजच्या हिशेबाने बसवलेले टॉवर तिथे कसे पुरणार?

म्हणून यजमान या नात्याने एक मागणं आहे. निबंध वाचून लगेच गाडी पकडू नका. चौकात या, मोजा, आणि पुढच्या आषाढीआधी फिरते टॉवर कुठे न् किती लावायचे, ते सांगा.