रिकामा रकाना आणि वडाळ्याचा दिवा

वडाळ्याच्या चाळींत सायंकाळीं दिवा लागतो, तेव्हां त्याच्यामागें किती वर्षांचा हिशेब उभा आहे, हें बटण दाबणाऱ्याच्या मनांतही येत नाहीं. या भागास वीज पुरविणारी बेस्ट १९४७ सालीं महापालिकेकडे आली. ती वीज निर्माण करीत नाहीं. विकत घेऊन घरोघर वांटते. वीजकेंद्र उभारण्यास व तारा ओढण्यास वर्षें लागतात. म्हणून पुढील वीस-तीस वर्षांची मागणी कशी भागेल आणि खर्च कमींत कमी कसा येईल, याचें गणित आज संगणकावर मांडतात.

या गणितास हजारों आंकडे लागतात आणि ते सारेच मांडणाऱ्यापाशीं नसतात. जो रकाना रिकामा राहतो, तेथें यंत्र पदरचा एक ठरीव आंकडा घालतें. घोटाळा शिरतो तो येथें.

समजा, ‘या केंद्राची क्षमता कोठवर वाढवितां येईल?’ या रकान्यांत शून्य बसलें. आतां यंत्रास तें केंद्र वाढवितां येत नाहीं; मागणी मात्र वाढतच असते. अखेर यंत्र सांगतें : गणित असाध्य. मांडणारा वैतागतो; पण हें यंत्र निदान प्रामाणिक आहे. न जुळणारा जमाखर्च जुळला, असें तें म्हणत नाहीं.

दुसरी चूक अधिक घातक आहे. टाटांचीं खोपोली, भिवपुरी व भिरा हीं जलविद्युत् केंद्रें अनुक्रमें १९१५, १९२२ व १९२७ सालीं सुरू झालीं. त्यांची एकत्रित क्षमता ४४७ मेगावॉट. ‘केंद्र वर्षांतील किती काळ चालेल?’ या रकान्यांतील ठरीव आंकडा ‘अखंड’ असा असेल, तर वर्षाच्या ८,७६० तासांनीं गुणून यंत्र सुमारें ३९२ कोटी युनिटें जमेस धरतें. गुणाकार बिनचूक आहे. परंतु मुळशी, वळवण, ठोकरवाडी येथील तलाव भरतात पावसाळ्यांत, आणि तेंच पाणी पुढील ज्येष्ठापर्यंत पुरवावयाचें असतें. सारीं चक्रें अहोरात्र फिरविण्यास पाणी कोठून येणार? यंत्र हें विचारीत नाहीं. येथें ‘असाध्य’ हा शब्द उमटत नाहीं. उमटतें तें एक सुबक, स्वस्त आणि अशक्य उत्तर.

तारांचेंही तसेंच. मुंबई हें बेट. बाहेरची वीज आंत आणण्याच्या वाटा मोजक्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं बाहेरून येणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि शहरांतील लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ सालीं सुरू झाल्यावर आणखी सुमारें १,००० मेगावॉट वीज आणण्याची सोय झाली. ज्या गणितांत तारांच्या मर्यादेचा रकाना कोरा असतो, त्यास या अडचणीचा पत्ताच लागत नाहीं.

यावर जाणते लोक एक युक्ति योजतात. ते गणितांत एक काल्पनिक, अतिशय महाग केंद्र मांडतात. ज्या वर्षीं यंत्र त्या केंद्राची वीज मागूं लागेल, त्या वर्षीं खरी वीज अपुरी आहे किंवा कोठेंतरी आंकडा चुकला आहे, हें उघड होतें. पण अशक्य स्वस्ताई या युक्तीनें सांपडत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक ठरीव आंकडा तलावावर, केंद्रावर आणि तारमार्गावर काम करणाऱ्या माणसास दाखवून विचारावा लागतो : हें घडूं शकेल काय?

तो प्रश्न विचारण्यास एक दिवस लागतो. न विचारल्यास चुकीच्या केंद्राचा खर्च वडाळ्यांतील कुटुंबाच्या विजेच्या बिलांत वर्षानुवर्षें येत राहतो, किंवा ऐन परीक्षेच्या रात्रीं अभ्यासाचा दिवा विझतो.