चालणाऱ्या झाडाची गोष्ट



गेटसभेत गळा ताणणारा माणूस आज झाडावर बोलणार, तेही पृथ्वीवर कुठेच न उगवणाऱ्या झाडावर, म्हणून आपल्यांतील काहींना हसू येत असेल. येऊ द्या. शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने केले. हा चित्रपट मात्र मुलाने दाखविला, तोही गेल्या दिवाळीत.

'स्टार वॉर्स' मालिकेतील 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' १९८० साली निघाला. त्यांत डॅगोबा नावाचा ग्रह आहे. जिकडे पाहावे तिकडे धुके, चिखल, साप. आणि चिखलातून वर आलेली अजस्र झाडे. त्यांच्या मुळांच्या कमानीखाली माणूस सहज उभा राहील. ही सारी दलदल लंडनजवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत कारागिरांनी उभारली. जमीन मुद्दाम उंच बांधली होती, कारण योडा नावाच्या वृद्ध गुरूची बाहुली हलविणारी माणसे खाली उभी राहत. माझ्यासारख्याचे लक्ष आधी तिकडे जाते, त्याला इलाज नाही.

ह्या झाडाला इंग्रजीत नार्लट्री म्हणतात. मी त्याला गाठाळ म्हणतो. ह्या कल्पित विश्वाची वर्णने करणाऱ्या पुढच्या पुस्तकांत त्याची जन्मकथा आहे. गाठाळाच्या मुळांतून एक पांढरा, गाठीगाठींचा कोळी सुटतो. तो दलदलभर हिंडतो, शिकार करतो, पोट भरतो. मनाजोगी जागा सापडली की पाय चिखलात रोवतो, आणि त्या पायांचीच मुळे होतात. म्हणजे आपण ज्या कमानी पाहतो, ते त्या झाडाचे जुने पाय!

हे अगदीच हवेतले नाही. माझा जन्म खाडीकाठचा. कांदळाचे बी आईच्या अंगावर असतानाच रुजते. त्याचा लांब हिरवा कोंब गळून पडतो, भरतीबरोबर वाहत जातो आणि चिखल मिळेल तिथे उभा राहतो. मात्र कांदळाचे पोर कोणाला खात नाही. कोळ्याची शिकार मला प्रथम खटकली. मग वाटले, उपाशीपोटी मूळ तरी कोण धरणार?

मागे आमच्या कंत्राटी मजुरांच्या वस्तीला नळ हवा, म्हणून आम्ही एका कचेरीत गेलो होतो. साहेबांनी अर्ज उघडलासुद्धा नाही. विचारले, "ही माणसे मूळची कुठली?" ज्यांनी बावीस वर्षे ह्या शहराची गटारे बांधली, त्यांच्याविषयी हा प्रश्न! मला उत्तर सुचले नाही. तोवर गाठाळ मला माहीत नव्हता.

चित्रपटात अशाच एका झाडाच्या मुळांखाली गुहा आहे. नायक ल्यूक आत जातो. शस्त्रांची गरज नाही असे गुरू सांगतो, तरी तो ती घेऊन जातो. आत काळ्या मुखवट्याचा वैरी भेटतो. ल्यूक त्याचे मस्तक उडवितो, मुखवटा फुटतो, आणि आत दिसतो ल्यूकचाच चेहरा. सांगणारा तो गुरूही डॅगोबाचा मूळचा नव्हे बरे का; राज्य बुडाल्यावर आसऱ्याला आलेला.

नळ अजून आलेला नाही. अर्ज पुन्हा केला आहे. ह्या खेपेस पहिल्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे तो ह्या गावी कोणत्या साली आला, ते लिहिले आहे.