सनद, शिक्षा आणि चिपळूण

वकिलांची ही परिषद वाशिष्ठीकाठच्या या गावात भरते आहे. चिपळूणविषयी बोलायचे तर परशुरामाचे देवस्थान आहे, गोवळकोट आहे. पण अभिमान वाटतो तो 1864 सालच्या आमच्या वाचनालयाचा, आजच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचा. 2005 च्या पुराने ते बुडवले. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा कपाटांत शिरले, चिखलाने पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटली, आणि गावाने ते पुन्हा उभे केले. इथून जवळच पेढे-परशुराम येथे 1880 साली पांडुरंग वामन काणे यांचा जन्म झाला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला आणि 1963 साली ते भारतरत्न झाले. त्यांचे नाव आज वकिलांच्या तोंडी क्वचितच येते, याची आम्हाला खंत आहे.

काण्यांच्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त यांचा विचार आहे. राजाचा दंड निराळा आणि विद्वानांच्या परिषदेने सांगायचे प्रायश्चित्त निराळे, ही व्यवस्था आपल्याकडे जुनीच. म्हणून शिक्षा झालेल्या वकिलाची सनद काढणे म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा, हा आक्षेप मला पटत नाही. राजदंड भोगलेला माणूस निर्मळ होतो असे मनुस्मृतीही म्हणते. पण निर्मळ होणे वेगळे आणि परक्याची इस्टेट, अब्रू, स्वातंत्र्य पुन्हा त्याच्या हाती सोपवणे वेगळे. बदायूंच्या एका वकिलाने 1971 साली कोर्टाच्या खोलीतच प्रतिपक्षावर सुरा चालवला. खुनाच्या प्रयत्नाबद्दल त्याला शिक्षा झाली, तरी राज्य बार कौन्सिलच्या समितीने तीन वर्षांच्या मनाईवर भागवले होते. त्याचे नाव पटावरून कमी व्हायला 1997 साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले. अधिवक्ता कायद्याचे कलम 24अ नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर दोन वर्षे सनद देत नाही. मात्र सनद आधीच हाती असलेल्याची ती आपोआप जात नाही; कलम 35 ची चौकशी लागते. दाराबाहेरच्याला अडवायचे आणि आतल्याला बसू द्यायचे, हा न्याय नव्हे. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानेही ही विसंगती दाखवून विधी आयोगाला कायदा तपासायला सांगितले.

मग गांधीजींचे काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर 1922 साली लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेने त्यांचे नाव काढले, ते 1988 साली परत घातले. म्हणूनच शिक्षा झाली एवढ्यावर थांबू नये. कृत्यात अप्रामाणिकपणा किंवा हिंसा होती का, हे शिस्तपालन समितीने सुनावणी घेऊन ठरवावे. अपील चालू असेल तर सनद तेवढ्यापुरती स्थगित ठेवावी. निर्दोष सुटला की ती लगेच परत मिळावी.

आपल्या सोयीत उणिवा आहेत. निवासाची व्यवस्था विखुरलेली आहे, काहींना शाळेच्या वर्गांत उतरावे लागले. त्याबद्दल क्षमा मागतो.  शेवटी, वर सांगितलेल्या सुनावणीच्या अटीवर कलम 24अ सनदधारकांनाही लागू करावे, असा ठराव या परिषदेने मंजूर करावा, ही आग्रहाची विनंती करतो आणि अध्यक्ष महोदयांना सूत्रे स्वीकारण्याची प्रार्थना करतो.